‘जागा अपुरी’ अशी एरर येतेय? गॅलरी पुसण्याआधी हे तपासा

पहिली सूचना: फोनमधल्या फोटोंना हात लावू नका.

नाशिकमध्ये ॲप बनवायला शिकणाऱ्या बहुतेकांकडे टेस्टिंगसाठी वेगळा फोन नसतो. घरातलाच कुणाचा तरी जुना फोन यूएसबीला लावला जातो. निफाड-दिंडोरीकडच्या घरातला असेल, तर त्यात बागेचे फोटो असतात, औषधांच्या बिलांचे फोटो असतात, कुणीतरी काढून ठेवलेला सातबारा असतो. लॅपटॉपवर ‘इन्सफिशियंट स्टोरेज’ अशी लाल ओळ दिसली की यातलं काहीतरी घाईघाईने पुसलं जातं. अनेकदा ॲप तरीही बसत नाही, कारण अडचण तिथे नसतेच. पुसलेलं मात्र परत येत नाही.

म्हणून हा क्रम. उदाहरणासाठी दोन ॲप्स धरू: एक द्राक्षबागेतल्या फवारणीची नोंद ठेवणारं आणि दुसरं २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी पंचवटी नि त्र्यंबकेश्वरचे नकाशे ऑफलाइन दाखवणारं. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

पायरी १: तक्रार कुणाची आहे ते ओळखा

एका रनमध्ये, म्हणजे ॲप लॅपटॉपवर तयार करून फोनवर चालवताना, तीन ठिकाणची जागा लागते: लॅपटॉपची डिस्क, एम्युलेटरची आभासी डिस्क (एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा आभासी फोन, वापरत असाल तर) आणि खऱ्या फोनची मेमरी. लाल ओळ या तिघांपैकी कुणाचीही असू शकते. त्यामुळे फक्त शेवटची ओळ न वाचता वर सरकून पूर्ण मजकूर वाचा.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी ओळ ग्रेडल बिल्ड (कोडपासून ॲपची फाइल बनवण्याचं काम) चालू असताना आली, तर तिथला ‘डिव्हाइस’ म्हणजे तुमच्या लॅपटॉपची डिस्क. फोनशी तिचा काही संबंध नाही. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण ॲपच्या जगात डिव्हाइस म्हणजे फोन ही सवय झालेली असते. अशा वेळी होम फोल्डरमधलं ‘.ग्रेडल’ फोल्डर, प्रोजेक्टमधलं ‘बिल्ड’ फोल्डर आणि जुने एम्युलेटर किती जागा खातायत ते बघा. ‘बिल्ड’ फोल्डर निर्धास्त पुसा. ग्रेडलची कॅशे (आधी डाउनलोड करून ठेवलेला साठा) पुसली तर सगळ्या लायब्ररी पुन्हा डाउनलोड होतील, तेव्हा होस्टेलच्या वायफायवर असाल तर आधी विचार करा.

‘इन्स्टॉल फेल्ड इन्सफिशियंट स्टोरेज’ ही ओळ मात्र फोनचा किंवा एम्युलेटरचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे ॲप बसवणारा भाग, देतो. कधी तीच गोष्ट ‘रिक्वेस्टेड इंटर्नल ओन्ली, बट नॉट इनफ स्पेस’ अशा शब्दांत येते. या दोन्ही एररमध्ये बिल्ड व्यवस्थित झालेली असते. कोड बदलायला जाऊ नका.

पायरी २: फोनला शिल्लक विचारा

फोन जोडलेला असताना ‘एडीबी शेल डीएफ -एच’ चालवा. एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं टूल, आणि डीएफ ही मोकळी जागा दाखवणारी कमांड. ओळींची लांबलचक यादी येईल आणि त्यातल्या कितीतरी ओळींपुढे १०० टक्के भरलेलं दिसेल. घाबरू नका. सिस्टिम, व्हेंडर, एपेक्स ही पार्टिशन्स (मेमरीचे वेगळे केलेले भाग) फक्त वाचण्यासाठी असतात आणि ती मापात बसवूनच बनवलेली असतात, म्हणून ती कायम भरलेलीच दिसतात. तुम्हाला एकच ओळ हवी आहे: ‘/डेटा’. सोपं जावं म्हणून सरळ ‘एडीबी शेल डीएफ -एच /डेटा’ म्हणा.

हल्लीच्या फोनवर ‘एसडीकार्ड’ नावाने दिसणारं फोल्डरही याच डेटा पार्टिशनवर असतं. फोटो, व्हिडिओ, ॲप्स, ॲप्सचा डेटा, सगळं एकाच पार्टिशनवर. त्यामुळे इंटरनेटवर जुन्या उत्तरांत दिसणारा ‘मॅनिफेस्टमध्ये इन्स्टॉल लोकेशन प्रेफर एक्स्टर्नल करा’ (म्हणजे ॲप कार्डावर बसवा, असं ॲपच्या माहितीच्या फाइलीत लिहा) हा सल्ला आज बहुतेक फोनवर निरुपयोगी आहे. तो अँड्रॉइड २.२ च्या, म्हणजे २०१० च्या काळातला. तेव्हा फोनच्या आत ॲप्सना अगदी थोडी जागा असायची आणि ॲप खरोखरच कार्डावर हलवता यायचं.

सेटिंग्जमधला आकडा आणि डीएफचा आकडा जुळणार नाहीत. अँड्रॉइड ८ पासून सेटिंग्जमधल्या मोकळ्या जागेत, गरज पडल्यास आपोआप साफ करता येईल अशी कॅशेही धरली जाते. म्हणून सेटिंग्जचा आकडा सहसा मोठा दिसतो.

पायरी ३: राखीव जागेचा हिशेब

‘फोनमध्ये ६२० एमबी मोकळे आहेत, माझी एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) ९० एमबीची आहे, मग अडचण काय?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या बॅचमध्ये येतो आणि त्याचं उत्तर समजून घेणं फार महत्त्वाचं आहे.

अँड्रॉइड स्वतःसाठी काही जागा राखून ठेवतो, बँकेतल्या मिनिमम बॅलन्ससारखी. मूळ अँड्रॉइडमध्ये हा आकडा डेटा पार्टिशनच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांपैकी जो कमी असेल तो. डेटा पार्टिशन १० जीबीच्या पुढे गेलं की ५ टक्के ५०० एमबीपेक्षा जास्त होतात, म्हणून जवळजवळ सगळ्या फोनवर ५०० एमबीच लागू होतो. इन्स्टॉल झाल्यावर शिल्लक या रेषेखाली जाणार असेल तर पॅकेज मॅनेजर आधीच नकार देतो.

आता हिशेब करा. ६२० वजा ५०० म्हणजे हातात १२० एमबी. एपीके ९० एमबीची. तिच्यातल्या नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरसाठी तयार केलेला कोड) इन्स्टॉलच्या वेळी बाहेर काढल्या जात असतील तर समजा आणखी ६० एमबी. झाले १५०. नकार बरोबर आहे, फक्त एररमध्ये हा हिशेब दिसत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ काही वेळा ‘एपीकेच्या आकाराखेरीज जास्तीची जागा लागते’ असं सांगतो, पण ती ओळ कुणी वाचत नाही.

आणखी एक भर. ॲप आधीपासून फोनवर असेल आणि तुम्ही त्यावरच नवी आवृत्ती टाकत असाल, तर नवी पूर्ण बसेपर्यंत जुनी जागेवरच राहते. म्हणजे काही काळ दोन्ही. जुनं ॲप आधी अनइन्स्टॉल केलं तर ही जागा सुटते, पण ॲपचा डेटाही जातो. फवारणीच्या ॲपमध्ये कुणी खऱ्या नोंदी भरल्या असतील तर त्या आधी बाहेर काढून घ्या. टेस्टिंगला मदत म्हणून एखाद्या शेतकऱ्याने आठवडाभर बसून भरलेल्या नोंदी आपल्या एका कमांडने जाव्यात, हे अजिबात बरोबर नाही.

राखीव आकडा एडीबीने कमी करता येतो, असं तुम्हाला वाचायला मिळेल. करता येतो, पण तसं करू नका. शिल्लक अगदी तळाला गेली की मेसेजचं ॲप, कॅमेरा, डेटाबेस सगळंच अडखळायला लागतं आणि मग जी एरर येते ती कशामुळे आली हे शोधणं अवघड होतं.

सुरक्षित उपाय: ‘एडीबी शेल पीएम ट्रिम-कॅशेस’ आणि पुढे हवी असलेली मोकळी जागा, उदाहरणार्थ ‘२जी’. याने ॲप्सची कॅशे साफ होते. फोटो आणि नोंदी तशाच राहतात. घरच्या फोनवर मी सगळ्यात आधी हेच सुचवतो.

पायरी ४: एपीके हलकी करा

डीबग (टेस्टिंगची) एपीके रिलीजपेक्षा (लोकांना द्यायच्या एपीकेपेक्षा) बरीच जाड असते, हे स्वाभाविक आहे. पण विनाकारण वाढलेलं वजन काढता येतं. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही ॲप बनवायची दोन साधनं. फ्लटरमध्ये साधी ‘बिल्ड एपीके’ दिली की एकाच फाइलीत तीन प्रकारच्या प्रोसेसरसाठीच्या लायब्ररी भरल्या जातात. रिॲक्ट नेटिव्हमध्ये तर चार. तुमच्या फोनला त्यांतली एकच लागते. ती कोणती हे ‘एडीबी शेल गेटप्रॉप आरओ.प्रॉडक्ट.सीपीयू.एबीआय’ सांगेल. विचारल्याशिवाय ठरवू नका, कारण स्वस्त फोनमध्ये ६४ बिटच्या चिपवर ३२ बिटचं अँड्रॉइड असणं दुर्मीळ नाही. मग फ्लटरमध्ये ‘स्प्लिट-पर-एबीआय’ हा पर्याय वापरा. रिॲक्ट नेटिव्हमध्ये ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’ फाइलीतल्या ‘रिॲक्ट नेटिव्ह आर्किटेक्चर्स’ या ओळीत एकच नाव ठेवा.

कुंभाच्या ॲपची गोष्ट वेगळी. गर्दीत नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून नकाशे ॲपसोबत देणं योग्यच आहे. पण ते ॲसेट्समध्ये (एपीकेतच भरल्या जाणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) टाकून पहिल्यांदा ॲप उघडल्यावर फाइल म्हणून बाहेर कॉपी केले, की तोच नकाशा फोनमध्ये दोनदा बसतो, एकदा एपीकेत आणि एकदा बाहेर. शिवाय दर रनला ही सगळी फाइल केबलवरून जाते. डेव्हलपमेंटपुरता डीबगच्या सोर्स फोल्डरमध्ये लहानसा नकाशा ठेवा. रामकुंडाच्या आसपासचा भाग पुरेसा आहे. पूर्ण नकाशा रिलीजच्या फोल्डरमध्ये. रन लवकर होईल आणि जागेची कटकटही कमी होईल.

पायरी ५: दर रनला शिल्लक घटतेय का?

सकाळी ॲप बसतं, दुपारपर्यंत एरर सुरू होते. अशा वेळी दोष फोनमध्ये शोधू नका. तुमच्या ॲपने काय साठवलंय ते बघा. फवारणीच्या ॲपमध्ये पानाचा फोटो काढून जोडायची सोय असेल आणि तो कॅमेऱ्याच्या मूळ आकारात जतन होत असेल, तर एकेक फोटो काही एमबीचा. टेस्टिंगमध्ये आपण बटण दाबतच राहतो.

डीबग बिल्ड असेल तर रूट न करताही (फोनचे पूर्ण अधिकार न घेताही) आत डोकावता येतं: ‘एडीबी शेल रन-ॲज’, पुढे तुमच्या ॲपचं पॅकेज नाव, आणि मग ‘डीयू -एच’ व एक टिंब. कोणतं फोल्डर फुगलंय ते लगेच दिसेल. मग कोडमध्ये फोटो लहान करून साठवा. टेस्टिंगचा कचरा ‘एडीबी शेल पीएम क्लिअर’ आणि पॅकेज नाव दिल्यावर जातो, पण त्यासोबत ॲपचा सगळाच डेटा जातो.

याच वेळी ‘/डेटा/लोकल/टीएमपी’ हे फोल्डरही बघा. अँड्रॉइड ७ च्या आधी एडीबी एपीके प्रथम इथे टाकायचा आणि मग बसवायचा, त्यामुळे जुन्या फोनवर क्षणभर दुप्पट जागा लागते आणि केबल मध्येच निघाली तर फाइल तिथेच पडून राहते. काही टूल्स आजही हे फोल्डर वापरतात. तिथल्या जुन्या एपीके पुसायला हरकत नाही. मॅकवर झेडशेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) असेल तर ताऱ्याचं चिन्ह असलेली कमांड अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर शेल तो तारा आपल्याच लॅपटॉपवर शोधायला जातो आणि ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणतो.

अर्धवट राहिलेल्या इन्स्टॉलचे तुकडे ‘/डेटा/ॲप’ मध्येही साठतात. तिथे रूटशिवाय जाता येत नाही आणि जायची गरजही नाही. फोन रीस्टार्ट करा. चालू होताना पॅकेज इन्स्टॉलर सोडून दिलेले तुकडे आवरतो.

पायरी ६: एम्युलेटर

एम्युलेटरवर ही एरर आली की बरेच जण सेटिंग्जमध्ये एसडी कार्डाचा आकार वाढवतात. उपयोग होत नाही. वाढवायचं ते ‘इंटर्नल स्टोरेज’. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एम्युलेटर एडिट करून प्रगत सेटिंग्ज उघडा, आकडा वाढवा, मग ‘वाइप डेटा’ करून पुन्हा सुरू करा. वाइप केल्याशिवाय जुनीच डिस्क वापरली जाईल. वर्षानुवर्षं एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी होत आलेल्या एम्युलेटरमध्ये ही जागा ८०० एमबी इतकीच असू शकते.

प्ले स्टोअर असलेली सिस्टिम इमेज घेतली असेल आणि त्यात अकाउंट टाकलं असेल, तर आतली ॲप्स स्वतःहून अपडेट होऊन जागा खातात. डेव्हलपमेंटसाठी प्ले स्टोअर नसलेली इमेज घ्या, जोवर त्याची खास गरज नाही.

आता एक गमतीशीर आकडा. एम्युलेटर सुरूच होत नाही आणि ‘युजरडेटा पार्टिशन बनवायला जागा नाही, ७३७२.८ एमबी हवेत’ असं म्हणतो. ही लॅपटॉपच्या डिस्कची तक्रार आहे. ६ जीबी म्हणजे ६१४४ एमबी, त्याच्या १.२ पट म्हणजे बरोबर ७३७२.८. लॅबमधल्या विंडोज मशीनवर सी ड्राइव्ह भरलेला आणि डी ड्राइव्ह रिकामा असतो, तिथे हे हमखास होतं, कारण एम्युलेटर युजरच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी वर बनतात. ‘अँड्रॉइड एव्हीडी होम’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल डी वरच्या फोल्डरकडे वळवलं की सुटतं. न वापरलेले स्नॅपशॉटही (एम्युलेटरच्या जतन केलेल्या स्थिती) पुसा, तेही याच डिस्कवर असतात.

पायरी ७: लिनक्सवर जागा असूनही ‘जागा नाही’

या सगळ्यात सर्वांत फसवी एरर हीच. उबुंटूवर रिॲक्ट नेटिव्हचा मेट्रो सर्व्हर सुरू केला आणि एररच्या सुरुवातीला इ, एन, ओ, एस, पी, सी ही सहा अक्षरं आली. शोधलं तर अर्थ सापडतो ‘डिस्क भरली’. डिस्क तर अर्धी रिकामी.

त्याच ओळीत पुढे ‘सिस्टिम लिमिट फॉर नंबर ऑफ फाइल वॉचर्स रीच्ड’ असं लिहिलेलं असतं. फाइल बदलली की ॲप लगेच ताजं व्हावं म्हणून मेट्रो हजारो फाइलींवर पहारा ठेवतो. लिनक्समध्ये एका युजरला असे किती पहारे ठेवता येतील याला मर्यादा असते, आणि ती संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘जागा नाही’चाच एरर कोड परत देतो. डिस्कशी याचा संबंध नाही. जुन्या कर्नलमध्ये ही मर्यादा ८१९२ होती, ५.११ पासून ती मशीनच्या मेमरीनुसार ठरते. म्हणूनच एकाच प्रोजेक्टला नव्या लॅपटॉपवर काही होत नाही आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवर एरर येते.

‘सुडो सिसकंट्रोल’ने ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स-युजर-वॉचेस’ ची किंमत ५२४२८८ करा. या नावात मॅक्स, युजर आणि वॉचेस यांच्यामध्ये अंडरस्कोर येतो. रीस्टार्टनंतरही टिकावी म्हणून तीच ओळ ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’ मध्ये लिहा. सगळे पहारे खरंच वापरले गेले तर साधारण ५४० एमबी रॅम लागू शकते, पण एवढे सहसा लागत नाहीत. लॅबच्या मशीनवर सुडो (ॲडमिनचे अधिकार) नसेल तर लॅब असिस्टंटना ही ओळ दाखवा. काम दोन मिनिटांचं आहे.

पायरी ८: व्हॉट्सॲपवरून पाठवलेली एपीके बसत नाही

मित्राला एपीके पाठवली, त्याच्या फोनवर नुसतं ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’. कारण दिसत नाही म्हणून जागेवर संशय जातो. इथे जागा सोडून तीन शक्यता आधी बघा.

त्याच्या फोनवर हेच ॲप दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवरून टाकलेलं असेल तर ॲपची डिजिटल सही बहुधा जुळत नाही, कारण डीबगची की (सही करायची किल्ली) सहसा प्रत्येक मशीनवर वेगळी बनते. जुनं अनइन्स्टॉल करावं लागतं. ते केलं तरी अडत असेल तर ‘एडीबी शेल पीएम लिस्ट युजर्स’ चालवा. ड्युअल ॲप्स किंवा सेकंड स्पेस सुरू असलेल्या फोनवर ॲपची एक प्रत दुसऱ्या युजरकडे शिल्लक असते आणि होम स्क्रीनवर ती दिसत नाही.

तिसरी शक्यता: तुम्ही रनचं हिरवं बटण दाबून तयार झालेलीच फाइल उचलून पाठवली. अँड्रॉइड स्टुडिओ तिच्यावर ‘टेस्ट ओन्ली’ अशी खूण करतो, आणि अशी फाइल फोनचा साधा इन्स्टॉलर नाकारतो. बिल्ड मेनूमधून एपीके बनवून ती पाठवा.

पायरी ९: तरीही उलगडा झाला नाही तर

लॉगकॅट (फोनच्या आतल्या नोंदी दाखवणारं टूल) उघडून पुन्हा एकदा इन्स्टॉल करा आणि ‘पॅकेज मॅनेजर’, ‘पॅकेज इन्स्टॉलर’, ‘इन्स्टॉलडी’ या नावांच्या ओळी शोधा. लाल ओळीपेक्षा खरं कारण बहुधा तिच्या थोडं आधी असतं. जागा भरपूर असूनही एरर येत असेल तर ‘एडीबी शेल डीएफ -आय /डेटा’ चालवून फाइलींच्या संख्येची मर्यादा संपलीय का तेही बघा. लाखो बारीक फाइली बनवणाऱ्या ॲपमुळे असं घडू शकतं.

आयफोनसाठी काम करणाऱ्यांना थोडक्यात: एक्सकोडमध्ये जागा बहुतेक वेळा मॅकचीच संपलेली असते. ‘डिराइव्ह्ड डेटा’ आणि ‘आयओएस डिव्हाइस सपोर्ट’ ही फोल्डर्स बघा आणि ‘एक्ससीरन सिमसीटीएल डिलीट अनअव्हेलेबल’ने निकामी सिम्युलेटर काढा.

फॅक्टरी रीसेट मात्र करू नका. एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायचं झालं, तर एररचा नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. संपूर्ण मजकूर, डीएफची ‘/डेटा’ ओळ, एपीकेचा आकार, फोनचं अँड्रॉइड व्हर्जन आणि ॲप आधी त्या फोनवर होतं का, एवढं एकत्र पाठवा.